जुन्या इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग नेमकं कुठे अडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एकदा तरी वाटतं, की चार्जिंगमध्ये काहीतरी बिघाड आहे. बहुतेक वेळा बिघाड नसतो. गाडीत बसवलेला चार्जरच छोटा असतो. मीही याच वाटेने गेलो. ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जिंगचा डबा) बसवून घेतला, पहिल्या रात्री कौतुकाने गाडी लावली आणि आकडा पाहिला तर ३.६! प्लग काढून पुन्हा लावला, एमसीबी खालीवर केला, शेवटी वायरमनला रात्री साडेदहाला फोन लावला. त्या बिचाऱ्याचं काम अगदी चोख होतं. गाडीच तेवढं घेत होती आणि आजही तेवढंच घेते.

खालची उत्तरं साधारण २०१० ते २०१८ या काळातल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

चार्जर म्हणजे भिंतीवर लावतात तो डबा ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. भिंतीवरचा डबा बॅटरी चार्ज करत नाही. तो एक शहाणा स्विच आहे. प्लग नीट बसलाय का, अर्थिंग ठीक आहे का हे तो बघतो, किती करंट ओढायची मुभा आहे ते गाडीला सांगतो आणि मग आतला कॉन्टॅक्टर (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) खट्‌कन चालू करतो. त्यातून गाडीकडे जातो तो एसी, म्हणजे घरात येणारा, दिशा बदलत राहणारा प्रवाह, जसा आला तसाच.

बॅटरीला मात्र डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो, तोही त्या क्षणी तिचं जे व्होल्टेज असेल त्याला जुळणारा. एसीचा असा डीसी करणारं यंत्र गाडीच्या पोटात असतं. तोच ऑनबोर्ड चार्जर. जात्यात दाणे कितीही ओतले तरी ते आपल्या गतीनेच दळतं, तसंच याचं आहे. भिंतीतून २२ किलोवॅट यायला तयार असले आणि गाडीतला चार्जर ३.३ चा असला, तर बॅटरीत ३.३ च पडणार.

निसान लीफच्या २०११-१२ च्या गाड्यांत हा चार्जर मागच्या सीटच्या मागे डिकीत होता आणि तिथे एक मोठा उंचवटा दिसायचा. २०१३ पासून तो बॉनेटखाली गेला आणि डिकी मोकळी झाली.

किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांत माझा नेहमी घोळ होतो.

किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातलं युनिट. बॅटरीत किती मावतं ते युनिटमध्ये मोजायचं आणि किती वेगाने भरतंय ते किलोवॅटमध्ये. ३ किलोवॅटने दोन तास चार्ज केलं की ६ युनिट. या लेखात मी ‘युनिट’च म्हणणार आहे, कारण किलोवॅट आणि किलोवॅट-तास एकाच वाक्यात आले की वाचणाऱ्याचा तोल जातोच.

आणखी एक सूत्र: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. २३० व्होल्टवर १६ अँपिअर म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट आणि ३२ अँपिअर म्हणजे ७.४. चार्जिंगच्या जाहिरातींतले अर्धे आकडे या एका गुणाकारातून आलेले असतात.

कुठल्या जुन्या गाडीत केवढा ऑनबोर्ड चार्जर असतो?

मित्सुबिशीची आय-मीव्ह, पहिली शेवरोले व्होल्ट आणि सुरुवातीची लीफ या सगळ्या ३.३ किलोवॅटच्या. लीफमध्ये २०१३ पासून ६.६ चा पर्याय आला, पण पर्यायच; त्यामुळे त्यानंतरची प्रत्येक लीफ ६.६ ची असेलच असं नाही. पहिली फियाट ५००ई, फोर्ड फोकस इलेक्ट्रिक आणि किया सोल यांत ६.६. बीएमडब्ल्यू आय३ च्या सुरुवातीच्या गाड्यांत बाजारपेठेनुसार आणि ऑर्डर देताना काय निवडलं त्यानुसार ३.७ किंवा ७.४, २०१६ ची मोठी बॅटरी आली तेव्हा कित्येक ठिकाणी ११ चा थ्री फेज (एकाऐवजी विजेच्या तीन तारांवर चालणारा) चार्जर मिळू लागला.

दुसऱ्या टोकाला टेस्ला. २००८ च्या रोडस्टरला २४० व्होल्टवर ७० अँपिअर, म्हणजे जवळपास १७ किलोवॅट घेता यायचे. २०१२ च्या मॉडेल एसमध्ये एक चार्जर १० किलोवॅटचा, आणि हौस असेल तर तसाच दुसरा शेजारी बसवून २०.

सगळ्यांत विक्षिप्त गाडी म्हणजे पहिली रेनो झोई. तिने एसीवरच ४३ किलोवॅटपर्यंत घेण्याची सोय केली, आणि त्यासाठी वेगळा मोठा चार्जर न लावता गाडी चालवणाऱ्या इन्व्हर्टरला (बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणाऱ्या यंत्राला) आणि मोटरच्या वाइंडिंगलाच कामाला लावलं. अभियांत्रिकी म्हणून मला ही युक्ती फार आवडते. तिची किंमत मात्र वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते, त्याबद्दल पुढे.

कंपन्यांनी एवढे छोटे चार्जर बसवले तरी का?

मोठा चार्जर महाग, जड आणि जास्त तापणारा. शिवाय त्या वेळच्या बॅटऱ्याही छोट्याच होत्या. २४ युनिटची बॅटरी ३.३ किलोवॅटने साधारण सात तासांत भरते, म्हणजे रात्री लावली की सकाळी तयार. हिशोब चुकीचा नव्हता. आज तोच चार्जर तोकडा वाटतो, कारण मधल्या काळात आपल्या अपेक्षा बदलल्या.

माझ्या गाडीत केवढा आहे, हे कसं शोधू?

विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. मला ‘फास्ट चार्जिंगवाली आहे’ एवढंच सांगितलं होतं. ते खरंही होतं, पण बाहेरच्या डीसी फास्ट चार्जरपुरतं; त्याबद्दल पुढे.

आधी चार्जिंगचं तोंड बघा. पाच पिनांचा गोल टाइप १ असेल तर गाडी नक्की सिंगल फेज. टाइप २ असेल तर टॉर्च मारून आत डोकवा. थ्री फेज गाडीत पाच जाड आणि दोन बारीक पिना दिसतात. सिंगल फेज गाडीत कित्येकदा दोन जाड पिनांच्या जागा रिकाम्याच सोडलेल्या असतात.

मग मोजून बघा. बॅटरी ३० ते ६० टक्क्यांच्या मध्ये असताना, दमदार वॉलबॉक्सवर गाडी लावा. डब्यावर आकडा दिसत नसेल तर घरातली बाकीची मोठी उपकरणं बंद करा, मीटरचं रीडिंग लिहा आणि बरोबर एका तासाने पुन्हा लिहा. ३.७ युनिट सरकले तर चार्जर ३.३ चा. फरक कसला, असं वाटेल. ३.३ हा बॅटरीत पडणारा आकडा असतो, मीटर भिंतीतून गेलेलं मोजतं. कंपन्या कधी हा आकडा छापतात, कधी तो.

२२ किलोवॅटच्या चार्जरवर लावूनही गाडी ३.७ किंवा ७.४ च घेते. चार्जर बिघडलाय का?

बिघडलेला नाही. २२ हा आकडा तीन फेजांची बेरीज आहे: प्रत्येक फेजवर ३२ अँपिअर, म्हणजे ७.४ गुणिले तीन. तुमची गाडी सिंगल फेज असेल तर ती तीनांपैकी एकच तार वापरते, बाकीच्या दोन नुसत्या लटकत राहतात. म्हणजे २२ मधले जास्तीत जास्त ७.४ तुमचे. त्यात गाडीतला चार्जर १६ अँपिअरचा असेल तर ३.७.

११ च्या चार्जरवर तर आणखी गंमत होते. तिथे प्रत्येक फेजवर १६ च अँपिअर असतात. म्हणून ३२ अँपिअरची, ७.४ किलोवॅटची सिंगल फेज गाडी ‘११’ च्या चार्जरवर ३.७ ने चार्ज होते आणि साध्या सिंगल फेज ७.४ च्या वॉलबॉक्सवर दुप्पट वेगाने. आकडा मोठा असूनही वेग निम्मा! हे कुणाला पहिल्या झटक्यात पटत नाही. कागदावर तीन रेघा काढून दाखवल्या की पटतं.

जिथे घरात २४० व्होल्ट आणि दुकानं-कार्यालयांत २०८ व्होल्ट मिळतात, तिथे वेगळाच अनुभव येतो. करंट तेवढाच राहतो, व्होल्टेज कमी, म्हणून वेग सुमारे १३ टक्क्यांनी घसरतो. ऑफिसात चार्जिंग हळू होतं ते यामुळे.

मग माझ्या ३.३ च्या गाडीसाठी मोठा वॉलबॉक्स घेणं म्हणजे पैसे पाण्यात?

या गाडीपुरता वेग वाढणार नाही, हे निश्चित. पण माझा सल्ला असा: डबा हवा तर छोटा घ्या, वायर मात्र जाड ओढून घ्या. भिंती फोडणं, पाइप टाकणं, मीटरपासून गाडीपर्यंत केबल नेणं हेच खरं खर्चाचं काम. डबा पुढे दहा मिनिटांत बदलता येतो. पुढची गाडी ७ किंवा ११ किलोवॅटची असणार, आणि तेव्हा पुन्हा भिंत फोडायला नको.

माझ्या ७.४ च्या डब्याला मी आता १६ अँपिअरवर बांधून ठेवलंय. गाडीला फरक पडत नाही आणि दुसरं कुणी पाहुणं गाडी घेऊन आलं तर मर्यादा वर नेता येते.

गाडीला कसं कळतं किती करंट घ्यायचा ते?

प्लगमध्ये जाड पिनांसोबत दोन बारीक पिना असतात. त्यांतली एक पायलट. डबा त्या तारेवर आधी नुसते १२ व्होल्ट ठेवतो. गाडी जोडली की तिच्या आतल्या रेझिस्टरमुळे ते ९ वर येतात, आणि गाडी ‘मी तयार’ म्हणते तेव्हा ६ वर. मधल्या काळात डबा त्याच तारेवर सेकंदाला हजार वेळा वरखाली होणारा चौकोनी सिग्नल पाठवू लागतो. त्या सिग्नलचा वरचा भाग किती रुंद, त्यावरून परवानगी ठरते: १० टक्के रुंद असेल तर ६ अँपिअर, ५० टक्के असेल तर ३०. यात डिजिटल भाषा नाही, पासवर्ड नाही, इंटरनेट नाही. म्हणूनच २०११ ची गाडी कालच बसवलेल्या वॉलबॉक्सवर बिनबोभाट चालते.

लक्षात घ्या, डबा फक्त कमाल मर्यादा सांगतो. ढकलत काहीच नाही. ओढायचं काम गाडीचं. त्यामुळे ‘मोठ्या डब्याने छोटा चार्जर जळेल’ ही भीती निराधार आहे.

केबलमुळेही वेग कमी होतो का?

होतो. दोन्ही बाजूंना प्लग असलेल्या टाइप २ केबलच्या प्लगमध्ये एक चिमुकला रेझिस्टर दडवलेला असतो: ६८० ओहमचा असेल तर केबल २० अँपिअरची, २२० चा असेल तर ३२ ची. चार्जर तो वाचतो आणि त्याच्या पुढे जात नाही. जुन्या गाडीसोबत आलेली केबल बऱ्याचदा बारीक असते. नवी घेताना ३२ ची घ्या. जड असते, थंडीत गुंडाळताना वैताग येतो, पण पुढच्या गाडीलाही चालते.

साध्या सॉकेटवर रोज चार्ज केलं तर चालेल का?

चालतं, पण सॉकेट चांगला हवा. २३० व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट, १२० व्होल्टवर १२ अँपिअर म्हणजे जेमतेम १.४. छोट्या बॅटरीला रात्रभरात तेवढंही बऱ्यापैकी पुरतं.

भीती वेगाची नाही, उष्णतेची आहे. इस्त्री किंवा पाण्याचा हीटर थोडा वेळ चालतो आणि बंद होतो. गाडी तोच भार आठ-दहा तास एकसारखा ओढते. सॉकेटची एखादी पट्टी सैल असेल तर तिथे प्रतिकार वाढतो, पट्टी तापते, तापून आणखी सैल होते. माझ्या जुन्या प्लगच्या एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक हळूहळू चहाच्या डागासारखं तपकिरी होत गेलं आणि एका सकाळी गॅरेजमध्ये जळक्या बेकलाइटचा वास आला, तेव्हा शहाणपण सुचलं. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा. एक्स्टेंशन बोर्ड आणि गुंडाळलेली वायर कधीच नको. सॉकेट स्वतंत्र एमसीबीवर आणि आरसीसीबीच्या (करंटची गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचच्या) संरक्षणाखाली असावा.

पूर्ण चार्ज व्हायला किती वेळ लागेल, ते कसं काढायचं?

भरायची युनिटं भागिले चार्जरचे किलोवॅट. अट एवढीच, की बॅटरीची आजची क्षमता धरायची, कागदावरची नाही.

समजा बॅटरी मुळात २४ युनिटची. त्यातली वापरता येण्यासारखी साधारण २१. गाडी दहा वर्षांची, क्षमता ८० टक्क्यांवर आलेली, म्हणजे उरली सुमारे १७. संध्याकाळी घरी आलात तेव्हा २० टक्के शिल्लक. भरायचे साडेतेरा युनिट. ३.३ ने भागले तर चार तास आणि वर थोडं. शेवटच्या संथ टप्प्यासाठी अर्धा तास धरा. रात्री बारानंतर वीज स्वस्त असेल तर बाराला टायमर लावून पाचच्या आत काम होतं.

माझी गाडी पूर्वीपेक्षा लवकर फुल होते. चार्जर सुधारला का?

हा प्रश्न लोक आनंदाने विचारतात आणि उत्तर देताना मला वाईट वाटतं. चार्जर तोच आहे, भांडं लहान झालंय. पूर्वी शून्यापासून सात तास लागायचे आणि आता साडेपाच लागत असतील, तर बॅटरीची जवळपास पाचवा हिस्सा क्षमता गेली आहे. बॅटरीची तब्येत मोजायची ही घरगुती पद्धत मात्र चांगली आहे. वर्षातून एकदा करून वहीत लिहून ठेवावी.

मीटरवर गाडीने दाखवलेल्यापेक्षा जास्त युनिट पडतात. कुठे जातात?

एसीचा डीसी होताना काही उष्णतेत जातात. चार्जरवरचा पंखा किंवा शीतक फिरवणारा पंप चालतो तो त्यासाठीच. काही बॅटरीत शिरताना तिच्या अंतर्गत प्रतिकारात जातात. आणि काही गाडी ‘जागी’ ठेवण्यात: संगणक, कॉन्टॅक्टर, पंप, १२ व्होल्टची बॅटरी. ढोबळमानाने भिंतीतल्या १०० पैकी ८५ ते ९० बॅटरीत पोहोचतात.

जागं ठेवण्याचा खर्च वेगावर अवलंबून नसतो, तो वेळेवर असतो. समजा गाडी दर तासाला पाव युनिट नुसती जागं राहायला खाते. चार तासांत एक युनिट गेलं. तेच चार्जिंग साध्या सॉकेटवर १२ तास चाललं तर तीन. म्हणून अतिसंथ चार्जिंग बॅटरीला सौम्य असलं तरी बिलाला सौम्य नसतं. झोईची वर सांगितलेली किंमत ती हीच. मोटरच्या वाइंडिंगमधून चार्ज करायची तिची युक्ती जास्त करंटला छान चालते, पण अगदी कमी करंटवर तिची कार्यक्षमता फार घसरते. त्या गाडीला शक्यतो साध्या सॉकेटवर लावू नये.

डीसी फास्ट चार्जिंगला ऑनबोर्ड चार्जरची मर्यादा लागू होते का?

नाही. तिथे एसीचा डीसी बाहेरच, त्या कपाटाएवढ्या यंत्रात होतो आणि थेट बॅटरीला जोडला जातो. ऑनबोर्ड चार्जर बाजूला बसून असतो. म्हणूनच ३.३ ची लीफ डीसीवर चाळीसच्या पुढे जाऊ शकते.

पण गाडीला तसं तोंड हवं. जुन्या जपानी गाड्यांत चाडेमो, युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांत सीसीएस, आणि कित्येकांत काहीच नाही. पहिल्या फियाट ५००ई ला डीसी नव्हतं. फोर्ड फोकस इलेक्ट्रिकला सुरुवातीची काही वर्षं नव्हतं. ४३ किलोवॅटच्या झोईलाही नव्हतं. काही गाड्यांत ते पैसे देऊन घ्यायचं होतं, त्यामुळे एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत फरक सापडतो. झाकण उघडून डोळ्यांनी बघा. नंतर बसवणं तत्त्वतः शक्य असलं तरी खर्चाने परवडत नाही.

चाडेमोच्या बाबतीत वास्तव असं की नव्या स्टेशनांवर त्याच्या केबली कमी होत चालल्या आहेत. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर त्या कुठे आहेत आणि चालू आहेत का, हे गाडी घेण्याआधी बघा.

१५० च्या डीसी चार्जरवरही ४० च मिळतात. असं का?

कारण इथे मर्यादा गाडीच्या तोंडाची आणि बॅटरीची. जुन्या चाडेमोची करंटची कमाल १२५ अँपिअर. बॅटरी तेव्हा ३६० व्होल्टवर असेल तर गुणाकार ४५ किलोवॅट. ‘५० किलोवॅट’ ही पाटी तशा गाडीला प्रत्यक्षात कधी दिसतच नाही. चार्जर १५० चा असो वा ३५० चा, तुमचा आकडा बदलणार नाही. तेव्हा ५० चं यंत्र मोकळं असेल तर तिथे लावा आणि मोठं यंत्र ते पचवणाऱ्यांना सोडा. मागचे दुवा देतील.

८० टक्क्यांनंतर वेग इतका का पडतो?

सेल जसजसा भरतो तसं त्याचं व्होल्टेज चढतं. ठरावीक मर्यादेला, बहुतेक सेलमध्ये ४.१ ते ४.२ व्होल्टला, पोहोचलं की आणखी करंट कोंबणं धोक्याचं. मग गाडी व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी करत जाते.

घरी ३.३ वर हा उतार जवळपास जाणवतच नाही, पार ९५ च्या पुढे गेल्यावर दिसतो. कारण २४ युनिटच्या बॅटरीला ३.३ म्हणजे सात तासांचा रमतगमत वेग. त्याच बॅटरीला ४५ किलोवॅट म्हणजे अर्ध्या तासाची घाई, म्हणून तिथे उतार लवकर लागतो. वय झालेल्या बॅटरीत तर ५०-६० टक्क्यांपासूनच. प्रवासात ८० ला निघा. शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ५० इतका वेळ देण्यात हशील नाही.

स्टेशनवर पैसे युनिटवर घेतात की मिनिटांवर, हेही बघा. मिनिटांवर घेत असतील तर जुन्या गाडीवाल्याला ते सगळ्या बाजूंनी महागात पडतं, एसीवर तर फारच.

थंडीत आणि उन्हाळ्यात काय होतं?

थंड सेलमध्ये लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत नीट शिरू शकत नाहीत. जोर केला तर ते बाहेरच धातू होऊन साठतात, आणि ते नुकसान कायमचं. म्हणून गाडी स्वतःहून वेग पाडते. गोठणबिंदूजवळ डीसी चार्जरवर १५-२० च किलोवॅट दिसले तर भांडू नका. हमरस्त्यावरून तासभर चालवून मग लावा, किंवा घरी पोहोचताच, बॅटरी कोमट असतानाच चार्जिंग सुरू करा.

उष्णतेत प्रश्न उलटा. लीफसारख्या गाडीत बॅटरी थंड करायला द्रवाची यंत्रणा नाही. एका दिवसात हमरस्त्यावर दोन-तीन फास्ट चार्ज झाले की बॅटरी तापते आणि गाडी वेग निम्म्यावर आणते. २०१८ च्या ४० युनिटच्या लीफबद्दल याची जगभर चर्चा झाली होती.

फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर मरते का?

लोक समजतात तितकी नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१२ च्या चार लीफ घेऊन दोन फक्त एसीवर आणि दोन फक्त डीसी फास्टवर चालवल्या, प्रत्येकी ५० हजार मैल, तेही फिनिक्सच्या वाळवंटी उन्हात. फास्टवाल्या जोडीची क्षमता थोडी जास्त घसरली, पण दोन जोड्यांतला फरक लहान होता. मोठी घसरण चारही गाड्यांची झाली. उन्हाचा वाटा त्यात जास्त. गाडी सावलीत लावणं आणि १०० टक्के भरून दिवसेंदिवस उभी न ठेवणं, यांकडे आधी लक्ष द्या.

ऑनबोर्ड चार्जर खराब झाला हे कसं ओळखावं?

आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. हसू नका. मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर ओढायला तिचीच ताकद लागते, आणि ती मेलेली असली की गाडी चार्ज व्हायला नकार देते. ‘चार्जर गेला’ म्हणून ओढून नेलेल्या गाड्यांत ही साधी बॅटरी गुन्हेगार निघाल्याचं मी स्वतः दोनदा पाहिलंय.

ती ठीक असेल तर पुढच्या खुणा बघा. एसीवर काहीच होत नाही पण डीसीवर सुरळीत चालतं, तर संशय ऑनबोर्ड चार्जरवर. वेग नेमका निम्मा किंवा एक-तृतीयांश झाला, तर दोन चार्जरपैकी एक किंवा तीन फेजांपैकी काही गेले असावेत. मात्र आधी दुसऱ्या वॉलबॉक्सवर लावून बघा, कारण फेज भिंतीतलाही गेलेला असू शकतो. कॉन्टॅक्टरचा आवाज होताच आरसीसीबी पडत असेल, तर कुठेतरी ओल शिरली आहे किंवा इन्सुलेशन फाटलंय.

घरी उघडायच्या भानगडीत पडू नका. आत ४०० व्होल्टच्या आसपासचा डीसी असतो आणि कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेले राहतात. दुरुस्ती होते. अधिकृत दुकानात बहुतेक अख्खा चार्जर बदलायला सांगतात. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा माणूस पुष्कळदा एखादा फ्यूज, डायोड किंवा कपॅसिटर बदलून भागवतो. आधी त्याला शोधा.

३.३ च्या जागी ६.६ बसवता येईल?

काही मॉडेलांत हौशी लोकांनी केलंय, पण नुसता डबा बदलून भागत नाही. गाडीच्या तोंडापासूनची वायर, फ्यूज, थंड करायची नळी आणि सॉफ्टवेअर हे सगळं जुळावं लागतं. तेवढ्या खर्चात आणि मनस्तापात ६.६ वाली जुनी गाडी मिळते. गाडी रात्रभर दारात उभी राहणार असेल तर याची गरजच पडत नाही. दुपारी परत येऊन संध्याकाळी पुन्हा लांब जायचं असेल, तेव्हा मात्र ३.३ खरोखर नडतो.

जुनी गाडी बघायला जाताना चार्जिंगचं काय तपासू?

गाडी ४०-५० टक्क्यांवर ठेवायला आदल्या दिवशीच सांगा. १०० टक्के भरून ठेवलेल्या गाडीवर काहीच तपासता येत नाही, आणि काही जण ती मुद्दाम तशी ठेवतात. तिथे एसीवर लावा आणि किमान २० मिनिटं थांबा. काही चार्जर थंड असताना ठीक चालतात आणि तापले की दम टाकतात. किती किलोवॅट जातायत ते लिहा. डीसीचं तोंड असेल तर जवळच्या स्टेशनवर नेऊन पाच मिनिटं तरी चालवून बघा. तोंडातल्या पिना टॉर्चने तपासा. एखादी काळवंडलेली दिसली तर किंमत तिथेच पाडा. सोबतची केबल मागा आणि तिच्या प्लगवर छापलेला अँपिअरचा आकडा वाचा. विकणारा या वीस मिनिटांत सारखा घड्याळाकडे बघायला लागला, तर आणखी दहा मिनिटं थांबा.